शेरेबुकाबाहेरचं एक वर्ष : सातपुड्यातली नवी विशेष शिक्षिका आणि फोनवरची साथ

ऑक्टोबर २०२३. रात्री पावणेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. वहीच्या आखीव पानावर निळ्या शाईत लिहिलेला अर्ज : ‘कौटुंबिक अडचणीमुळे मी माझ्या विशेष शिक्षक पदाचा राजीनामा देत आहे.’ खाली सही होती, तारखेची जागा रिकामी होती. फोटोखाली प्रश्न : ‘मॅडम, पाठवू का?’

कौटुंबिक अडचण वगैरे काही नव्हती. उलट मुलीला नोकरी लागली म्हणून घरच्यांनी गावात पेढे वाटले होते.

अर्ज लिहिणारी तेव्हा चोवीस वर्षांची होती. मराठवाड्यातली. विशेष शिक्षणातलं डी.एड. झालेली, बौद्धिक व विकासात्मक अक्षमता हा तिचा विषय, भारतीय पुनर्वास परिषदेचा सीआरआर नंबर, म्हणजे विशेष शिक्षकाचा नोंदणी क्रमांक, हातात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. ऑगस्टमध्ये समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेत कंत्राटी विशेष शिक्षक म्हणून तिची नेमणूक सातपुड्यातल्या एका तालुक्याला झाली. तालुक्याचं, शाळेचं, माणसांचं नाव इथे देत नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. मी पुण्यातल्या एका विशेष शाळेत सत्तावीस वर्षं काढून निवृत्त झालेली. तिला डी.एड.ला शिकवणाऱ्या एका मॅडमनी माझा नंबर दिला होता, ‘काही अडलं तर विचार’ एवढ्याच बोलीवर. आम्ही आजवर प्रत्यक्ष भेटलो ते एकदाच, तेही नाशिकच्या बसस्टँडवर, चहा होईपर्यंत.

४६ मुलं, १४ शाळा

विशेष शिक्षक म्हटलं की विशेष शाळेतला आठ-दहा मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर येतो. समग्र शिक्षेतला विशेष शिक्षक फिरता असतो. त्याचं टेबल तालुक्याच्या गटसाधन केंद्रात आणि मुलं पाड्यापाड्यांवर. तिच्या यादीत ४६ मुलं होती, १४ शाळांमध्ये विखुरलेली. त्यांतली पाच शाळेत येऊच शकत नव्हती, त्यांना घरी जाऊन शिकवायचं.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले. शिक्षकाला मात्र डी.एड.मध्ये एकाच प्रकारचं सखोल शिक्षण मिळतं, आणि यादी काही त्याचं प्रमाणपत्र बघून तयार होत नाही. तिच्या यादीत बौद्धिक अक्षमता होती, सेरेब्रल पाल्सी होती, श्रवणयंत्र लावणारी दोन मुलं होती, अल्पदृष्टी होती, सिकलसेल होता. रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. ते आकडे या ४६ च्या शेजारी ठेवून बघावेत.

तालुक्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. मार्गदर्शनासाठी काढलेला. त्यात विशेष शिक्षक, तज्ज्ञ, समन्वयक, वरचे साहेब, सगळे. सकाळी सुविचार, दुपारी ‘माहिती आजच सादर करावी, अत्यंत तातडीचे’, संध्याकाळी गृहभेटींचे फोटो. सप्टेंबरमध्ये तिने तिथे एकदा विचारलं, ‘एक मुलगा स्वतःच्या हाताला चावतो, काय करावं?’ उत्तरादाखल दोन अंगठे आले आणि एक जोडलेले हात. मग वरून विचारणा आली : सदर विद्यार्थ्याचा आयईपी (वैयक्तिक शिक्षण आराखडा) अपलोड झाला आहे का?

त्यानंतर तिने त्या ग्रुपवर काहीही विचारलं नाही. मीही विचारलं नसतं. ज्यांच्या हातात आपल्या कंत्राटाचं नूतनीकरण आहे त्यांच्यासमोर ‘मला हे येत नाही’ असं कोण लिहून देईल?

शाळेत शेरेबुक असतं. भेटीला आलेला अधिकारी त्यात शेरा लिहितो, मुख्याध्यापक तो वाचून सही करतात, आणि शेरा ‘समाधानकारक’ असला की सगळे मोकळे होतात. माझ्याकडे शेरेबुक नव्हतं. मी तिच्या साहेबांना ओळखत नव्हते, ते मला ओळखत नव्हते. पुढे या प्रकरणात मी जी काही उपयोगी पडले त्यातलं निम्मं श्रेय मी या एका गोष्टीला देते. सत्तावीस वर्षांचा अनुभव त्यानंतर येतो.

राजीनाम्याची रात्र

‘पाठवू का’ या प्रश्नाला मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. ‘अर्ज वाचला. आता खरी कारणं मला एकटीला सांग. अर्जाचं सकाळी बघू,’ एवढंच लिहिलं. रात्री साडेअकरापर्यंत अकरा व्हॉइस नोट आल्या.

थोडं विषयांतर. अमेरिकेत शिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड इंगरसोल यांनी २००१ साली शिक्षकांच्या टंचाईची आकडेवारी उलगडून दाखवलं की बादलीला भोक तळाशी आहे. शिक्षक तयारच होत नाहीत यापेक्षा आलेले शिक्षक निवृत्तीच्या कितीतरी आधी सोडून जातात, ही मोठी अडचण. विशेष शिक्षणही त्यातलंच. आपल्याकडे हे भोक शोधायचं तर राजीनाम्यांच्या फाइली उघडाव्या लागतील, आणि त्यांत पानोपानी कौटुंबिक अडचण निघेल. खरी कारणं लोक तोंडी सांगतात, तीही ज्याच्याकडून काही लपवावं लागत नाही त्यालाच.

तिची कारणं अशी होती. दोन महिन्यांचं मानधन आलेलं नव्हतं आणि गाडीच्या पेट्रोलला ती घरून पैसे मागवत होती. शेवटची एसटी चुकली तर मुक्कामाची सोय नव्हती. यादी संपतच नव्हती. चौदाव्या शाळेत पोचेपर्यंत पहिल्या शाळेतली मुलं तिला विसरून जात. भाषा येत नव्हती, पाड्यावर पावरी बोलतात आणि हिची बोली परभणीकडची. आणि त्या दिवशी दुपारी तिने एका सात वर्षांच्या मुलाला घराच्या खांबाला ओढणीने बांधलेलं पाहिलं होतं. हाच तो हाताला चावणारा मुलगा. ‘मॅडम, मी त्याच्यासमोर बसून रडले. तो माझ्याकडे बघत पण नव्हता.’

यातलं मानधन माझ्या हातात नव्हतं, एसटी नव्हती. तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. फोनवरून धीर देणाऱ्यांना एक मोह असतो : पगार थकलेल्या माणसाला ‘आपलं काम किती पवित्र आहे’ हे सांगण्याचा. तो मी टाळला, कारण तरुणपणी मला कुणी असं सांगितलं की माझं डोकं फिरायचं. मानधनासाठी तिने शेजारच्या तालुक्यांतल्या आणखी तिघांना घेऊन जिल्ह्याला एकत्र अर्ज द्यावा, असं ठरलं. दिवाळीच्या आधी पैसे आले. अर्जामुळे आले की यायचेच होते, कुणास ठाऊक. ती थांबली त्यात या पैशांचा वाटा मोठा आहे, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

यादीचं मात्र आम्हाला काही करता येण्यासारखं होतं. पुढच्या रविवारी दीड तास फोनवर बसून आम्ही ४६ नावं वाचली. प्रत्येक नावाला मी एकच प्रश्न विचारत होते : ‘तू महिनाभर गेली नाहीस तर या मुलाचं काय बिघडेल?’ सिकलसेल असलेली मुलगी अभ्यासात चांगली होती. तिच्या वर्गशिक्षकांना थंडीत जपणं, भरपूर पाणी, दुखणं वाढलं तर तडक दवाखाना एवढं नीट समजावलं तर महिन्यातून एक भेट पुरे. अशी वीसेक नावं महिन्याच्या यादीत गेली. पंधरा-सोळा पंधरवड्याच्या. दहा मुलं आठवड्याची. मग तिने कागदावर तालुक्याचा नकाशा काढून फोटो पाठवला. त्यावर दिसलं की ती सोमवारी घाटाच्या वर जात होती आणि मंगळवारी पुन्हा त्याच घाटाच्या वर, कारण शाळा वेगवेगळ्या केंद्रांत (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा प्रशासकीय गट) होत्या आणि दौऱ्याचा तक्ता केंद्रानुसार केलेला होता. रस्त्यानुसार तक्ता लावला तेव्हा आठवड्याचे दोन घाट वाचले. हे काही थोर शैक्षणिक मार्गदर्शन नव्हे. पण नव्या माणसाला आपल्या तक्त्यात हात घालायची मुभा आहे हेच माहीत नसतं.

राजीनाम्याचं पान तिने फाडलं नाही. वहीत राहू दिलं. मीही फाड म्हटलं नाही.

ओढणी, ताटं आणि लोटा

आता तो मुलगा. सात वर्षांचा, दुसरीत नाव, जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर बौद्धिक अक्षमता. बोलत नव्हता. शाळेत कधीमधी यायचा, आला की मधेच पळत सुटायचा, धरलं की स्वतःच्या मनगटाला चावायचा.

बांधलेल्या मुलाचं काय करायचं, हा पहिला प्रश्न. पहिल्याच फोनवर मी तिला सांगून ठेवलं होतं की आपलं बोलणं आपल्यातच राहील, पण मुलाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, आणि बोलण्याआधी तुला सांगेन. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिला पाठ होता. तक्रार केली तर आई अडचणीत, नाही केली तर आपणही त्या ओढणीत सामील, अशा कात्रीत ती सापडली होती. आम्ही ठरवलं की आधी आईला विचारायचं, आणि पंधरा दिवसांत ओढणी सुटली नाही तर दोघींनी मिळून पुढे जायचं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. दुभाषी म्हणून मुलाची पाचवीतली बहीण. आईने सांगितलं ते साधं होतं : पोरगा दोनदा नदीकडे निघून गेला होता. शेतात जायचं तर त्याला कुणाच्या भरवशावर टाकायचं? म्हणून आठवड्यातले तीन दिवस बहीण शाळा बुडवून त्याला सांभाळायची आणि उरलेल्या दिवशी ओढणी.

म्हणजे त्या ओढणीला एक नाही, दोन मुलं बांधलेली होती. ही गोष्ट तिच्या व्हॉइस नोटमधून मला ऐकू आली, तिला स्वतःला ती दिसली नव्हती. मी फक्त विचारलं, ‘बहिणीची हजेरी किती आहे गं?’ द्विशिक्षकी शाळा होती. गुरुजी समंजस होते, पण पळणारं मूल त्यांना नको होतं, आणि त्यांचंही चुकत नव्हतं : दोन माणसं, पाच इयत्ता. तिने त्यांच्यासमोर बहिणीची हजेरी ठेवली. भाऊ रोज आला तर बहीण रोज येईल. गुरुजींनी आठवडाभर बघू म्हटलं.

आता पळण्याचं काहीतरी करणं भाग होतं. तिने आयईपी केला होता, सुरेख अक्षरात, बावीस उद्दिष्टं. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी तपासणीसूची (मुलाला काय येतं, काय नाही हे नोंदवायची यादी) एका बैठकीत पूर्ण भरून काढलेली. मी म्हटलं, ही फाइल साहेबांसाठी ठेव. आपल्यासाठी कोऱ्या कागदावर तीन रकाने आख : आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. पहिले चार दिवस ‘आधी’च्या रकान्यात एकच शब्द येत होता : ‘काही नाही’. पाचव्या दिवशी मी विचारलं, घड्याळात किती वाजले होते? चारही वेळा साडेअकरा ते पावणेबारा. तेव्हा शाळेत काय होतं? पोषण आहाराची ताटं काढतात.

स्टीलची ताटं. एकात एक रचलेली चाळीस ताटं पोरं फरशीवर सोडतात तो खणखणाट. आपल्याला तो जेवणाची घंटा वाटतो. त्याला तो सहन होत नव्हता, कानाच्या आत कुणी पत्रा ओढावा तसा. मी तिकडे नव्हते, पण हा आवाज मी माझ्या शाळेत सत्तावीस वर्षं ऐकला होता, म्हणून ताटं म्हटल्यावर अंदाज आला. खात्री तिनेच केली. एक दिवस गुरुजींना सांगून ताटं ओट्यावर गोणपाट टाकून त्यावर काढायला लावली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. मग ठरलं की त्याचं ताट आधी, व्हरांड्याच्या टोकाला, बहिणीच्या हातून. बाकीची ताटं गोणपाटावर. पळणं पूर्ण थांबलं नाही. रोजचं होतं ते आठवड्यातून एकदोनदा झालं. पंधरवडा संपायच्या आत तो आणि बहीण दोघंही रोज शाळेत येऊ लागले, आणि ओढणी आईने पुन्हा डोक्यावर घेतली.

इथवरचं वाचून मी फार हुशार बाई वाटेन, म्हणून पुढचं सांगायला हवं.

मुलाला काही मागता यावं, निदान पाणी, हे एकच उद्दिष्ट आम्ही बावीसातून निवडलं. त्यासाठी मी तिला आमच्या पुण्याच्या शाळेत वापरलेली चित्रकार्डं पाठवली. तिने तालुक्याला जाऊन ती रंगीत छापून घेतली, लॅमिनेट केली, स्वतःच्या पैशाने. पाण्याच्या कार्डावर नळ होता, नळातून पडणारी धार. चार आठवडे ती त्याच्यापुढे ते कार्ड धरत होती. तो ते चघळायचा, भिरकावायचा. नोव्हेंबरअखेर तिची नोट आली : ‘मॅडम, माझ्याकडूनच होत नाहीये.’ त्याच नोटमध्ये पुढे, सहज बोलता बोलता, ती म्हणाली की त्याच्या घरी झिऱ्याचं पाणी आहे, माठातून भोपळ्याच्या तुंबड्याने घेतात, आणि शाळेत हंडा आहे, वर झाकण, झाकणावर लोटा.

त्या मुलाने आयुष्यात नळ पाहिलेला नव्हता. निदान रोजच्या पाण्याशी नळाचा काही संबंध त्याच्या जगात नव्हता. आधी खरी वस्तू, मग तिचा फोटो, मग रेघांचं चित्र, हा क्रम मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. पण तिच्याकडचं पाणी कुठून येतं हे मी महिनाभर विचारलंच नव्हतं. पुण्यात बसून पाठवलेल्या पीडीएफचं हे असं होतं.

मी तिला फोन करून सांगितलं, चूक माझी आहे, कार्ड फेकून दे, लोटा घे. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग हसली. ‘मॅडम, तुम्ही पण चुकता?’

त्या फोननंतर तिचे प्रश्न दुप्पट झाले. आधी ती मला ठीकठाक झालेल्या गोष्टी जास्त सांगायची. आता फसलेल्या सांगू लागली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मुलाने हंड्यावरचा रिकामा लोटा उचलून तिच्या हातात ठेवला आणि तिच्या हाताकडे बघत उभा राहिला. ती नोट सतरा सेकंदांची आहे. त्यात शब्द फारसे नाहीत.

रेंज असेल तेव्हा

ऑनलाइन मार्गदर्शन म्हटलं की पडद्यावर दोन चेहरे, दर गुरुवारी रात्री आठ, असं चित्र असतं. आम्हीही तसंच सुरू केलं होतं. तिच्या खोलीवर रेंज यायची-जायची, चित्र गोठायचं, ‘आवाज येतोय का’ यातच वीस मिनिटं जायची. आणि गुरुवारपर्यंत सोमवारची गोष्ट शिळी झालेली असायची. ‘काय चाललंय’ म्हटलं की ‘ठीक आहे मॅडम’.

व्हॉइस नोटने हे बदललं. पाड्यावर रेंज नाही, पण रेकॉर्ड करायला रेंज लागत नाही. ती मुलाकडून निघाली की गाडीपाशी उभी राहून दोन मिनिटं बोलायची : काय पाहिलं, काय केलं, काय खटकलं. घाट उतरून तालुक्याच्या जवळ आली की सगळ्या नोट एकदम सुटायच्या. मी रात्री ऐकायचे, सकाळी उत्तर द्यायचे. मधल्या वेळात मला विचार करायला, एखाद्या जाणकाराला विचारायला सवड मिळायची. समोरासमोर असते तर मी लगेच काहीतरी ठोकून दिलं असतं. कितीतरी वेळा माझं उत्तर पोचायच्या आत तिची दुसरी नोट यायची, ‘मॅडम, राहू द्या, बोलता बोलता कळलं.’ मुलांची नावं नोटमध्ये घ्यायची नाहीत, व्हिडिओ करायचा नाही, एवढे दोन नियम आम्ही पाळले. गुरुवारचा फोनही राहिला, फक्त त्यावर आता मुलांपेक्षा खोलीचं भाडं, डबा आणि आईने पाहिलेलं स्थळ यांच्यावरच जास्त बोलणं व्हायचं.

जानेवारीत मी पाच नव्या शिक्षकांचा एक छोटा ग्रुप केला. सगळे वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, त्यात एक श्रवणदोषाचं डी.एड. झालेला आणि एक दृष्टिदोषाचं झालेली. साहेब कुणी नाही. याचा पहिला उपयोग श्रवणयंत्रासाठी झाला. हिच्या यादीतली तिसरीतली एक मुलगी यंत्र लावायची नाही, शिट्टी वाजते म्हणायची. घरच्यांनी ते बिघडलं म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलेलं. मला यात काही कळत नाही, तसं मी सांगितलं. श्रवणदोषवाल्या पोराने एका मिनिटात नोट पाठवली : ‘ताई, मशीन बिघडलं नाही. इअरमोल्ड सैल झालाय. मुलांचा कान वाढतो, मोल्ड तेवढाच राहतो, मग आवाज बाहेर फुटतो आणि परत माइकमध्ये जातो. मोल्ड अंगठ्याने कानात दाबून धरा, शिट्टी थांबली तर समजा तेच आहे.’ दाबून धरलं, शिट्टी थांबली.

पण गोष्ट इथे गोड झाली नाही. नवा मोल्ड करून आणायला दोन महिने गेले, आणि तोवर मुलीचं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत निघून गेलं होतं. मोल्ड पावसाळ्यापर्यंत हिच्या पर्समध्ये होता. मे-जूनमध्ये मुलगी परत आली तेव्हा तो पुन्हा थोडा सैल बसायला लागला होता.

होळी

मार्चमध्ये मी आणखी एकदा तोंडघशी पडले. सातपुड्यातली होळी म्हणजे होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारापासून चाललेले ढोल, फुंकून वाजवायच्या पावऱ्या, रात्रभर नाच. ताटांचा आवाज सहन न होणाऱ्या मुलाचं काय होईल या काळजीने मी तिला लांबलचक नोट पाठवली : त्याला दूर ठेवा, कानांवर काही बांधा, आईला आधी समजावून सांग. तिने आईला सांगितलं. आई हसतच सुटली. पोरगा दर होळीला मोठ्या ढोलाला पोट लावून उभा राहतो, ढोल थांबला की रडतो, म्हणाली.

स्टीलचा कर्कश खणखणाट वेगळा आणि ढोलाचा छातीत उतरणारा घुमारा वेगळा, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी ‘या मुलाला आवाज चालत नाही’ असं एक लेबल मी डोक्यात लावून टाकलं होतं. एप्रिलमध्ये तिने शाळेत दुपारनंतर एक जुनं ढोलकं आणून ठेवलं. पळून जाण्याचं मन झालं की तो आता बहुधा दाराकडे न जाता ढोलक्याकडे जातो. ही कल्पना तिची. मला ती अमलात आल्यावर कळली.

जे फोनवरून होत नाही

या प्रकरणाचं श्रेय ऑनलाइन मार्गदर्शनाला देताना माझा हात थोडा आखडतो. त्या पाचांच्या ग्रुपमधले दोघं वर्षाच्या आत सोडून गेले. एकाला घराजवळच्या खाजगी शाळेत दुप्पट पगार मिळाला. दुसरी संध्याकाळच्या रस्त्याला घाबरली होती, आणि ती भीती खोटी नव्हती. दोघांनीही मला आधी सांगितलं, मी दोघांनाही थांब म्हटलं नाही. मार्गदर्शकाचं काम माणसाला टिकवून धरणं आहे असं मानलं की मार्गदर्शकही हळूहळू साहेबच होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निवृत्त अनुभवी प्राध्यापकांनी नव्यांना मार्गदर्शन करावं यासाठी राष्ट्रीय अभियान सुचवलं आहे. तो परिच्छेद खरं तर महाविद्यालयीन अध्यापकांसाठी होता. शालेय शिक्षकांसाठीचा आराखडा पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने केला. कल्पना चांगली. माझी एकच भीती आहे की त्याचं पोर्टल होईल, पोर्टलवर भेटींची नोंद सक्तीची होईल, मार्गदर्शकाला गुण द्यावे लागतील आणि शेरेबुक मागच्या दाराने आत येईल.

२०२४ च्या शरदात राज्य मंत्रिमंडळाने केंद्रनिहाय ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना अशी पदं जाहीर करून भरायला सांगितलं. या बातम्या आल्या त्या रात्री ग्रुपवर इतके मेसेज पडले की मी फोन बाजूला ठेवून दिला. कायम पदाची आशा जेवढी माणसं टिकवते तेवढी माझी कुठलीही व्हॉइस नोट टिकवणार नाही, हे मला मान्य आहे. फक्त पद कायम झालं तरी साडेअकराला मुलगा का पळतो हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारायला कुणीतरी लागतं.

ती अजून तिथेच आहे. वही बदलली, राजीनाम्याचं पान जुन्या वहीत कुठेतरी असेल. पावरी तिला आता बाजारापुरती येते. बहीण सातवीत गेली.

परवा पावसाच्या आवाजात बुडालेली एक नोट आली. पहिलीतला नवा मुलगा, पुस्तक बघताना मान पार उजवीकडे कलती करतो, बाई सारख्या मान सरळ करतात, आणि सरळ केली की तो पुस्तकच मिटतो. मी ती नोट दृष्टिदोषवाल्या ताईकडे पाठवली. तिचं उत्तर तासाभरात आलं : मान सरळ करायला लावू नका, त्याला त्याच कोनातून सगळ्यात बरं दिसत असेल, वर्गात त्याला मोकळं सोडा आणि फळ्याकडे बघताना तो स्वतःहून कुठे जाऊन बसतो ते पाहा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहेच, पण जाताना हे लिहून न्या. मी ते तसंच पुढे पाठवलं.

मंगळवारी ओढ्याला पाणी नसेल तर ती जाणार आहे.